दिवसा अंधार, रात्री उजेड

राज्यातील पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. मुलांची झोप पुरी होत नाही, याकडे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी त्यापूर्वी डिसेंबर २०२३ मध्ये लक्ष वेधले होते. निर्णय जाहीर होताच अपेक्षेप्रमाणे वाद सुरू झाला. एकाच इमारतीत दोन सत्रे चालवणाऱ्या शाळांना जागेची अडचण दिसली, वाहतूक करणाऱ्यांना रहदारीची, नोकरदार आई-वडिलांना स्वतःच्या वेळेची. शाळा उशिरा भरली तर मुले आणखी उशिरा निजतील, पदरात काही पडणार नाही, असाही आक्षेप घेतला गेला. या साऱ्या वादात एक गोष्ट मात्र सर्वांनीच गृहीत धरली होती. ती ही की, प्रश्न फक्त झोपेच्या तासांचा आहे. मुलाने सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत त्या डोळ्यांत किती उजेड शिरतो, केव्हा शिरतो आणि केव्हा शिरत नाही, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

तो विचारला गेला नाही याचे कारण उघड आहे. उजेड हा पाहण्यासाठी असतो, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. पुस्तकातले अक्षर दिसले, फळ्यावरचे गणित दिसले, खतावणीतला आकडा दिसला की उजेडाचे काम संपले! रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठ्या झालेल्या माणसांच्या कथा ऐकत महाराष्ट्रातील विद्यार्थी वाढला; त्या कथांतही दिवा म्हणजे अक्षर दिसण्याचे साधन, एवढाच अर्थ होता. ही समजूत चुकीची नाही, पण ती अर्धीच आहे. उजेड डोळ्यांना जसे दाखवतो, तसे शरीराला काही सांगतही असतो. तो सांगतो की आता दिवस आहे, आता जागे राहा. किंवा त्याचे नसणे सांगते की आता रात्र आहे, आता विसावा घ्या. गेल्या काही दशकांतील संशोधनाने हे दुसरे अर्धे सत्य निर्विवादपणे पुढे आणले आहे, आणि आपल्या शाळा, कचेऱ्या व कारखाने मात्र अजून पहिल्या अर्ध्यावरच उभे आहेत.

या संशोधनाचा आरंभ एका लाजाळूच्या झाडापासून झाला. झ्यां-झाक द मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७२९ मध्ये असे नोंदवले की, हे झाड अंधाऱ्या जागेत ठेवले तरी त्याची पाने दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात. सूर्य न दिसताही झाडाला दिवस कळत होता. म्हणजे त्याच्या आत काही घड्याळ होते. माणसाच्या आतही असे घड्याळ आहे, याचा प्रत्यय मिशेल सिफ्र या तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये दिला. आल्प्स पर्वतातील एका गुहेत तो घड्याळाशिवाय, सूर्यप्रकाशाशिवाय सुमारे दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढले तेव्हा त्याच्या हिशेबाने ऑगस्टची २० तारीख होती. मनाचे गणित असे पंचवीस दिवसांनी चुकले. पण शरीराचे निजणे-उठणे मात्र जवळजवळ चोवीस तासांच्या ठेक्यावर चालूच राहिले होते. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स झाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटेकोर प्रयोगांनी दाखवून दिले की, माणसाच्या या आतल्या घड्याळाचा दिवस सरासरी २४ तास ११ मिनिटांचा असतो.

या अकरा मिनिटांतच साऱ्या प्रश्नाची मेख आहे. रोज थोडे मागे पडणारे घड्याळ रोज लावावे लागते. ते लावले नाही तर आठवड्याभरात तासा-सव्वातासाचा फरक पडेल, महिन्याभरात पाच-साडेपाच तासांचा. निसर्गाने हे घड्याळ लावण्याचे काम मुख्यत्वे उजेडाकडे सोपवले आहे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात त्याच्या नेमके वर, दोन अगदी लहान पेशीपुंज आहेत. तेच शरीराचे मुख्य घड्याळ होय, हे १९७२ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून सिद्ध झाले. रात्र झाली की या घड्याळाच्या इशाऱ्यावरून पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडू लागते. हे संप्रेरक १९५८ मध्ये एरन लर्नर यांनी शोधून काढले होते. १९८० मध्ये आल्फ्रेड ल्युई यांच्या गटाने असे दाखवले की, माणसाला मध्यरात्री प्रखर उजेडात बसवले तर हे संप्रेरक पाझरणे मंदावते. रात्रीच्या उजेडाने शरीराला ‘अजून दिवसच आहे’ असे सांगितले, आणि शरीराने ते मान्य केले.

त्याहून विलक्षण गोष्ट पुढे कळली. पूर्णपणे दृष्टिहीन असलेल्या काही व्यक्तींच्या डोळ्यांत प्रखर उजेड सोडला तर त्यांचेही मेलाटोनिन कमी होते, असे १९९५ मध्ये आढळले. ज्यांना काहीच दिसत नव्हते त्यांच्या शरीराला उजेड कळत होता! याचे कारण २००२ मध्ये स्पष्ट झाले. डेव्हिड बर्सन व इतर संशोधकांनी सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलात अशा पेशी असल्याचे दाखवून दिले, की ज्यांचे काम मुख्यतः चित्र पाहणे हे नसून उजेड किती आहे याची वर्दी मेंदूतील घड्याळाला देणे हे आहे. या पेशी निळसर उजेडाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात, म्हणजे भर दिवसाच्या आकाशाच्या उजेडाला. दिवेलागणीच्या तांबूस-पिवळ्या ज्योतीची वर्दी त्या फारशी देत नाहीत. शेकडो पिढ्या माणूस ज्या उजेडात जगला त्याचाच हा हिशेब म्हटला पाहिजे. आतल्या घड्याळाचे पेशींतील यंत्र कसे चालते हे फळमाशीवरील संशोधनातून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा या विषयाला सर्वमान्यतेचा शिक्का बसला.

कोणी म्हणेल की, हे सारे शास्त्रज्ञांचे कुतूहल. सामान्य माणसाच्या दिवसाशी त्याचा संबंध काय? संबंध अगदी रोजचा आहे. शरीराचे तापमान पहाटेच्या सुमारास सर्वांत खाली असते आणि दिवसभर चढत जाते. सावधपणा, स्मरण, हाताची चपळाई आणि निर्णयाचा नेमकेपणा यांची पातळी बऱ्याच अंशी त्याच्या मागोमाग चढते-उतरते. स्वीडनमधील एका गॅस कंपनीत तीन पाळ्यांत काम करणारे कर्मचारी मोजमापांचे आकडे वहीत उतरवून घेत. १९१२ ते १९३१ अशा वीस वर्षांच्या त्या वह्या तपासून संशोधकांनी १९५५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला की, आकडे लिहिण्यातील चुका रात्री तीनच्या सुमारास सर्वांत जास्त होत्या आणि दुपारी जेवणानंतर त्यांचा आणखी एक लहान उंचवटा होता. ही माणसे निष्काळजी नव्हती, अडाणी नव्हती; त्यांचे शरीर त्या घटकेला कामासाठी तयार नव्हते, इतकेच. आकड्यांशी आयुष्य काढणाऱ्या कोणत्याही कारकुनाला हे पटावे. त्यात जागरणाची भर पडली की स्थिती आणखी बिघडते. सलग सतरा तास जागे असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी ढासळते, असे ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात १९९७ मध्ये दिसून आले. दारू पिऊन कामावर येणाऱ्याला आपण निलंबित करतो. जागून काम करणाऱ्याची पाठ थोपटतो.

उजेड येथे दोन प्रकारे काम करतो. एक तर तो त्या क्षणीच सावधपणा वाढवतो. झोपाळलेला माणूस उजेडात आला की तरतरीत होतो, हे प्रयोगानेही सिद्ध झाले आहे. दुसरे असे की तो घड्याळाचे काटे सरकवतो, आणि कोणत्या दिशेला सरकवतो हे वेळेवर अवलंबून असते. सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे आणतो. त्या दिवशी रात्री झोप वेळेवर येते. संध्याकाळनंतरचा उजेड ते पलीकडे लोटतो. झोप लांबते आणि दुसऱ्या दिवशी उठणे जड जाते. म्हणजे औषध एकच, पण घेण्याची वेळ चुकली की गुण उलटा. आधुनिक शहरी जीवनाने नेमकी हीच वेळ चुकवली आहे. त्याने सकाळचा उजेड हिरावून घेतला आणि रात्री तो ओंजळ भरभरून दिला.

हे किती प्रमाणात घडले ते आकड्यांत पाहावे. उजेड ‘लक्स’ या एककाने मोजतात. उन्हाळ्यातील दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. आषाढात आभाळ भरून आलेले असतानाही अंगणात काही हजार लक्स सहज मिळतात. नीट उजळलेल्या कचेरीत मात्र तो तीनशे ते पाचशेच असतो, आणि पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही नसतो. डोळा इतका लवचिक आहे, की घर आणि अंगण यांतील हा पंचवीस-पन्नास पटींचा फरक तो जाणवू देत नाही. दोन्हीकडे अक्षर सारखेच दिसते. पण घड्याळाला तो फरक जाणवतो. सरकारी कचेरीतील नेहमीचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. खिडक्यांना पाठ लावून उभी असलेली लोखंडी कपाटे, त्यांवर छतापर्यंत चढलेले फायलींचे गठ्ठे, उरलेल्या तावदानांवर वर्षानुवर्षांची धूळ आणि खाली भर दुपारी जळणाऱ्या ट्यूबलाइटी. सकाळी गर्दीच्या गाडीतून येऊन संध्याकाळी तशाच गाडीतून परतणारा कारकून आठवड्यातील पाच दिवस खरा दिवस पाहतच नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या सतराव्या कलमात, उजेड देणाऱ्या खिडक्यांच्या आणि छपरांतील काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात, अशी स्पष्ट तरतूद केलेली होती. कायदा करणाऱ्यांना काच पुसण्याची आठवण झाली. कचेऱ्यांना ती अजून व्हायची आहे.

रात्रीची बाजू याच्या उलट आहे. घरातील साधा दिवा काय बिघडवणार, असे पूर्वी शास्त्रज्ञांनाही वाटे. परंतु निजण्यापूर्वीच्या तासांत खोलीतील दोनशे लक्सपेक्षा कमी उजेडही मेलाटोनिनचा कालावधी सुमारे दीड तासाने आखडतो, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. २०१५ मधील आणखी एका प्रयोगात काही जणांना पाच रात्री निजण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचायला दिले आणि तितक्याच रात्री छापील पुस्तक मंद उजेडात वाचायला दिले. पडद्यावर वाचणाऱ्यांचे मेलाटोनिन सुमारे दीड तास उशिरा सुरू झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सुस्ती अधिक होती. अर्थात सारा दोष मोबाइलच्या माथी मारणे सोपे असले तरी न्याय्य नाही. हा प्रयोग मोजक्या लोकांवर झाला होता, त्यांचे दिवसही मंद उजेडातच गेले होते, आणि उजेडाचा परिणाम माणसागणिक फार वेगळा असतो. दिवसभर उघड्यावर राहिलेल्यावर रात्रीच्या उजेडाचा परिणाम कमी होतो, हेही दिसून आले आहे. म्हणजेच रात्रीच्या पडद्याचा खरा जोडीदार दिवसाची बंद खोली हाच आहे. अमेरिकेतील केनेथ राइट यांच्या गटाने २०१३ मध्ये काही जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवले. सूर्य आणि शेकोटी यांखेरीज तेथे उजेड नव्हता. आठवड्याअखेर त्या सर्वांची घड्याळे जवळजवळ दोन तास अलीकडे आली होती. स्वतःला रात्रीचे पक्षी म्हणवणारेही त्यातून सुटले नाहीत.

आता शाळेच्या वेळेकडे पुन्हा वळावे. जानेवारीच्या मध्यास मुंबईत सूर्य उगवतो तो सुमारे सव्वासातला. कोलकात्यात त्याच्या जवळजवळ एक तास आधी. देशाची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावरची आहे आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे, त्यामुळे मुंबईचे सौरघड्याळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे चालते. १९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईकरांनी तिला विरोध केला आणि स्वतंत्र ‘मुंबई वेळ’ त्यानंतरही कित्येक वर्षे चालू ठेवली. तो विरोध स्वाभिमानाचा होता, शरीरशास्त्राचा नव्हता. पण त्यात शरीरशास्त्राचे एक सत्य नकळत सामावले होते. भारतातील मुलांविषयीच्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात असे आढळले आहे, की सूर्यास्त तासभर उशिरा होतो तेथे मुले सुमारे अर्धा तास कमी झोपतात. कारण निजण्याची वेळ सूर्याबरोबर लांबते, शाळेची घंटा लांबत नाही. पौष महिन्यात सातला भरणाऱ्या शाळेसाठी पाच-साडेपाचला उठणारा मुंबईतील विद्यार्थी अंधारात आवरतो, अंधारात बसमध्ये बसतो आणि सूर्य उगवण्याच्या वेळी ट्यूबलाइटीखाली बाकावर पोहोचलेला असतो. त्याला झोपही मिळत नाही आणि सकाळचा उजेडही मिळत नाही. एका हाताने दोन्ही गोष्टी काढून घेणारी ही व्यवस्था आहे.

म्हणून फेब्रुवारी २०२४ चा निर्णय स्वागतार्ह असला तरी तो अपुरा आहे. वयात येताना आतले घड्याळ एक-दोन तासांनी उशिरा चालू लागते, हे आता जगभर मान्य झाले आहे. ही मुलांची शिस्तहीनता नव्हे. ती शरीराची अवस्था आहे. म्हणून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये, माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली. कॅलिफोर्निया राज्यात २०२२ पासून वरच्या वर्गांसाठी तसा कायदाच अमलात आला. आपल्याकडे सवलत मिळाली ती चौथीपर्यंत. ज्यांचे घड्याळ खरोखर मागे पडलेले असते ते आठवी-नववी-दहावीचे विद्यार्थी या निर्णयाच्या बाहेर राहिले. शाळा उशिरा भरवली तर मुले आणखी उशिरा निजतील, या आक्षेपातही तथ्य आहे. संध्याकाळच्या उजेडाला हात न लावता नुसती घंटा सरकवली, तर मिळालेला तास रात्री खर्च होऊ शकेल. पण त्यावर उपाय जुनी घंटा हा नव्हे. शाळेची वेळ आणि घरातील संध्याकाळ या दोन्हींचा एकत्र विचार करणे, हाच त्याला उपाय आहे.

विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही एका प्रतिष्ठित भ्रमाचा त्याग केला पाहिजे. परीक्षेच्या आधी रात्र-रात्र जागून केलेला अभ्यास हा आपल्याकडे कर्तृत्वाचा पुरावा मानला जातो. वस्तुतः वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेतच होते. रात्री दोनपर्यंत प्रखर दिव्याखाली बसलेला विद्यार्थी त्या रात्रीची झोप तर गमावतोच. शिवाय स्वतःचे घड्याळ पलीकडे लोटून, सकाळी अकराच्या पेपरला बसताना शरीराने अजून पहाटेच असतो. तोच विद्यार्थी सकाळी अर्धा तास उघड्यावर फिरला, दिवसा खिडकीशी बसून वाचू लागला आणि रात्री दहानंतर दिवा मंद करून निजला, तर त्याचे काहीच बुडणार नाही. हा उपदेश जुन्या पिढीच्या तोंडी अनेकदा ऐकलेला आहे, हे खरे. फरक इतकाच की, आता त्याच्यामागे प्रयोगशाळेची साक्ष उभी आहे.

या प्रश्नाची सर्वांत मोठी किंमत मात्र रात्रपाळीचा कामगार मोजतो. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत. त्याआधी गिरणी चाले ती उजाडल्यापासून मावळेपर्यंत. कामाच्या तासांवर सूर्याचाच काय तो अंकुश होता. दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. असंतोष उसळला, चौकश्या झाल्या, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. पुढे पाळ्या आल्या. गिरणगावातील एकाच गाळ्यात एका पाळीचा कामगार उठला की त्याच जागेवर दुसऱ्या पाळीचा निजू लागला. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण रात्रपाळी थांबली नाही. इस्पितळातील परिचारिका, पोलीस, वीजकेंद्रातील तंत्रज्ञ, ‘रातराणी’ गाडीचे चालक-वाहक, परदेशी ग्राहकांशी रात्रभर बोलणारे तरुण आणि सकाळी दारात पडणारे वर्तमानपत्र छापणारे हात, हे सारे त्याच रात्रीचे प्रवासी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आतले घड्याळ विस्कटणारे पाळीचे काम मानवात कर्करोगाला ‘बहुधा’ कारणीभूत होते, असे वर्गीकरण केले आणि २०१९ मध्ये रात्रपाळीविषयी तोच निष्कर्ष कायम केला. ‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. त्याचा अर्थ खात्री असा नव्हे, पण दुर्लक्ष करण्याजोगे असाही नव्हे. थ्री माइल आयलंड येथील १९७९ चा, भोपाळचा १९८४ चा आणि चेर्नोबिलचा १९८६ चा अपघात मध्यरात्र ते पहाट या वेळातच घडला. त्यांची मूळ कारणे सदोष यंत्रणा, हेळसांड आणि हिशेबी काटकसर हीच होती. परंतु दोष दडलेली यंत्रणा आणि पहाटेचा थकलेला माणूस यांची गाठ पडू देणे किती धोक्याचे, याची ती आठवण आहे.

उपाय नाहीत असे नाही. रात्रपाळीच्या कामगारांना रात्री सात ते बारा हजार लक्सचा प्रखर उजेड आणि दिवसा झोपेसाठी पूर्ण अंधार दिला, तर काही दिवसांत त्यांचे घड्याळ पाळीशी जुळते, असे १९९० च्या एका प्रयोगाने दाखवले. पण हा अंधार कोठून आणायचा? एका खोलीच्या घरात, जेथे मुले अभ्यास करत आहेत, स्वयंपाक चालू आहे आणि दार उघडे आहे, तेथे सकाळी आठला परतलेल्या माणसाला अंधार मिळणे ही चैन आहे. शिवाय घरी येताना त्याने जो सकाळचा उजेड पाहिलेला असतो, तोच त्याचे घड्याळ पुन्हा दिवसाकडे ओढतो. म्हणून ‘काळजी घ्या, पुरेसे झोपा’ असा आरोग्योपदेश रात्रपाळीच्या कामगाराला करणे म्हणजे त्याची थट्टा करणे होय. ही जबाबदारी काम देणाऱ्याची आहे. पाळ्या बदलायच्या तर सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने बदलाव्यात, उलट क्रमाने नव्हे; अमेरिकेच्या युटा राज्यातील एका खनिज कारखान्यात १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार असा क्रम ठेवल्याने आणि पाळ्यांतील अंतर वाढवल्याने कामगारांचे समाधान आणि उत्पादन दोन्ही वाढले होते. कामाच्या ठिकाणी काळोखी विश्रांतिकक्ष, पहाटेच्या तासांत नाजूक निर्णयाची कामे टाळणे आणि घरी पोहोचवण्याची सोय, या गोष्टी उपकार म्हणून नव्हे, तर कामाची अट म्हणून मिळाल्या पाहिजेत.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. विजेचा दिवा हा शत्रू नव्हे. रॉकेलच्या चिमणीच्या धुरात डोळे चोळत शिकलेल्या पिढ्यांना आणि भारनियमनात परीक्षा दिलेल्या मुलांना त्याची किंमत ठाऊक आहे. मुंबईच्या रात्रशाळांनी दिवसा राबणाऱ्या हजारो मुलांना शिक्षणाचे दार उघडून दिले, ते या दिव्याच्याच आधाराने. प्रश्न दिवा नाकारण्याचा नाही; दिव्याने दिवसाची जागा घेतली आणि रात्रही व्यापली, त्याचा हिशेब ठेवण्याचा आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने २०२२ मध्ये हा हिशेब आकड्यांत मांडला. डोळ्यांतील त्या विशिष्ट पेशींना जाणवणाऱ्या उजेडाच्या मापाने दिवसा किमान २५० लक्स, निजण्यापूर्वीच्या तीन तासांत जास्तीत जास्त १० आणि झोपेत १ पेक्षा जास्त नको. आपल्या किती वर्गखोल्या पहिल्या कसोटीला उतरतील आणि किती शयनगृहे दुसऱ्या-तिसऱ्या कसोटीला, हे मोजून पाहण्याचे काम एखाद्या शासकीय संस्थेने अंगावर घ्यायला हवे. इमारतीला परवानगी देताना खिडकीचे क्षेत्रफळ पाहिले जाते. ती खिडकी नंतर कपाटाने बुजवली का, हे कोणी पाहत नाही.

बऱ्याच गोष्टी पैशाशिवाय होण्याजोग्या आहेत. शाळेचा परिपाठ वर्गात ध्वनिक्षेपकावर न उरकता उघड्या पटांगणावर घेता येईल. शारीरिक शिक्षणाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला देण्याची प्रथा बंद करता येईल. कचेरीतील कपाटे भिंतीला आणि टेबले खिडकीला, अशी अदलाबदल करायला कोणत्याही मंजुरीची वाट पाहण्याची गरज नाही. मधल्या सुट्टीत डबा खाऊन वीस मिनिटे बाहेर फिरणाऱ्या कारकुनाकडे साहेबांनी वेळकाढू म्हणून पाहू नये. दुपारच्या आकडेमोडीत त्याचा हात कदाचित तोच अधिक अचूक ठेवील. घरात दिवेलागणीनंतर पिवळसर, मंद दिवा आणि वाचणाऱ्याच्या पुस्तकावर तेवढा स्वतंत्र उजेड, एवढे बहुतेक कुटुंबांना जमण्यासारखे आहे. शासनाच्या हातात असलेले काम त्याहून मोठे आहे. माध्यमिक वर्गांची वेळ, रात्रपाळीचे नियम आणि रस्त्यांवरील पांढऱ्या दिव्यांचा झोत लोकांच्या खिडक्यांत शिरणार नाही अशी रचना, हे विषय आरोग्याचे आहेत, नुसत्या सोयीचे नाहीत, हे त्याने मान्य केले पाहिजे.

स्वच्छ पाणी आणि शुद्ध हवा यांचा माणसाला अधिकार आहे, हे पटवून द्यायला समाजसुधारकांना आणि वैद्यांना दीर्घ काळ झगडावे लागले. पटकीचे मूळ पाण्यात आहे हे कळल्यानंतरही नळ घरोघर पोहोचायला पिढ्या गेल्या. दिवसाचा उजेड आणि रात्रीचा अंधार या दोन गोष्टींबाबत विज्ञानाने आपले काम बरेचसे केले आहे. त्या फुकट मिळतात म्हणून त्यांची किंमत कोणी केली नाही, आणि ज्यांच्या वाट्याला त्या सर्वांत कमी येतात त्यांना आवाज सर्वांत कमी आहे. चौथीपर्यंतच्या मुलांसाठी घंटा हलली, ही सुरुवात झाली. ती दहावीच्या वर्गाच्या दारापर्यंत आणि रात्रपाळीच्या फाटकापर्यंत पोहोचते की नाही, यावरच तिचे मोल ठरेल.